म्हापशाचं कुरिअर ऑफिस: नेवऱ्या (करंज्या) उघडून बघतात, खसखस काढायला लावतात, तरी ४ स्टार

रेटिंग आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढं वाचायचा कंटाळा ते इथूनच सुटतील. ५ पैकी ४. एक स्टार कापलाय तो आधार कार्डांच्या झेरॉक्सपायी, ते खाली सांगते. बाकी ह्या दुकानाला लोक जे १ स्टार देऊन जातात ना, "पार्सल फोडून बघतात", "शंभर प्रश्न विचारतात", "अर्धा तास मोडला", त्याच कारणांसाठी मी ४ दिलेत. नाव लिहीत नाही कारण तक्रारही करणार आहे आणि माणूस चांगला आहे, पण म्हापशातले लोक वर्णनावरून ओळखतीलच, बाजाराकडे जाताना लागतं, बाहेर पिवळा वजनकाटा, आत एक मालक आणि एक मुलगी, आणि भिंतीवर लॅमिनेट केलेली यादी की काय पाठवता येतं आणि काय नाही.

माझं काम साधं होतं. धाकटा भाऊ दुबईला, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सुट्टी मिळाली नाही, मग आईचा नेहमीचा कारखाना सुरू. नेवऱ्या, शंकरपाळ्या, सोलां (आमसुलं), मिस्कुट (कैरीचं लोणचं), उडदाचे पापड, सुक्या सुंगटांची (कोळंबीची) एक पुडी (वास लपवायला चार पिशव्यांत गुंडाळलेली, जणू वास आला नाही तर कस्टमवाल्यांना कळणारच नाही) आणि भावाची कंबर दुखते म्हणून बाबांच्या गोळ्यांची अर्धी स्ट्रिप. आईने स्वतः खोक्याला टेप मारून शिवणाच्या दोऱ्याने बांधून दिलं होतं. काउंटरवर ठेवल्याबरोबर मालकाने कात्री काढली. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्याने एकेक डबा उघडला. हात स्वच्छ होते, ग्लोव्हज घातले होते, तेवढं क्रेडिट देते. शंकरपाळ्या वास घेऊन बाजूला. पापड मोजले नाहीत पण पाकीट दाबून बघितलं. मिस्कुट बघून म्हणाला तेल गळणार, दुसरी बाटली आणा नाहीतर मी व्हॅक्यूम पॅक करून देतो, त्याचे वेगळे पैसे. मग नेवरी हातात घेतली आणि विचारलं, "काकी, सारणात खसखस आसा?" आई म्हणाली असणारच, खसखशीशिवाय नेवरी कसली. तो म्हणाला "मगीर हें वचचें ना", म्हणजे मग हे जाणार नाही.

आईला वाटलं हा पैसे वाढवायला बघतोय. पण तो बरोबर होता. युएईत खसखशीला बंदी आहे, सिंगापूरलाही परवानगीशिवाय न्यायची नाही. कारण सरळ आहे, खसखस अफूच्याच बोंडातली बी. आपल्या कायद्यात, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस ह्या अमली पदार्थविरोधी कायद्यात, अफूच्या बोंडाचा बाकी सगळा भाग आत घेतलाय आणि बी तेवढी वगळलीय, म्हणून आपल्याकडे किराणा दुकानात ती उघड मिळते आणि कोणाला काही वाटत नाही. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश इथे तर अफूची शेतीच सरकारी लायसन्सवर होते, ग्वाल्हेरचं सेंट्रल ब्युरो ऑफ नार्कोटिक्स लायसन्स देतं आणि निघालेली अफू नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत औषधांसाठी जाते. म्हणजे एकाच झाडाचा चीक औषधाला, बी आपल्या नेवरीत, आणि तीच बी दुबईच्या एअरपोर्टवर सापडली तर भाऊ चौकशीच्या खोलीत. आईला हे सगळं पटायला दहा मिनिटं लागली आणि पटलं तेही अर्धवटच. "चिमूटभर तर घातलीय" हे ती घरी येईपर्यंत म्हणत होती.

गोळ्यांचं प्रकरण त्याहून मोठं निघालं. स्ट्रिप उलटी करून त्याने मागचं बारीक अक्षर वाचलं, ट्रॅमाडॉल, अफूच्याच जातकुळीतलं वेदनाशामक. म्हणाला ही तर अजिबात नाही. २०१८ पासून हे औषध भारतातही एनडीपीएसखाली आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि युएईत तर कंट्रोल्ड औषध, तिथल्या खात्याची परवानगी हवी, नुसती आपल्या फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही. आता सांगा, घरोघरी ह्या गोळ्या डब्यात पडलेल्या असतात, गल्फला गेलेल्या आणि तारवटी म्हणून बोटीवर जाणाऱ्या किती पोरांच्या बॅगेत आया ह्या गोळ्या कोंबत असतील. कुरिअरवाल्याने हे बघितलं नसतं तर आमचं पार्सल कदाचित पोचलंही असतं, कदाचित नसतंही, आणि नसतं पोचलं तर अडकला असता तो घेणारा, म्हणजे भाऊ.

तर सर्व्हिसचा पहिला मुद्दा हा की तपासणी खरी आहे, नाटक नाही. आधार किंवा पासपोर्टची कॉपी घेतात, प्रत्येक वस्तूचं नाव आणि अंदाजे किंमत इन्व्हॉइसवर लिहायला लावतात, "खाऊ" असं लिहिलेलं चालत नाही, नेवरी असेल तर त्यात काय काय ते पण. मग तुमच्यासमोर पॅक करतात आणि सीलवर तुमची सही. पुढे कंपनीच्या मोठ्या केंद्रात, हबला, एक्स-रे वेगळा. हे सगळं झाल्यावर रेट, दुबईला किलोला पाचशेच्या आसपास पडला, पण लक्षात ठेवा वजन दोन पद्धतीने धरतात, खोक्याची लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि काट्यावरच्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर पैसे त्याचे. नेवऱ्या मोडू नयेत म्हणून आईने मोठं खोकं घेतलं होतं, ते त्याने स्वतःहून छोटं करून दिलं आणि पैसे वाचवले. दुसऱ्या कोणी ते हवेचे पैसे गपचूप लावले असते.

बाजारातच अजून एक कुरिअर आहे जिथे मी आधी जायचे. तिथे काही विचारत नाहीत. खोकं ठेवा, नंबर सांगा, टेप मारली, पावती घ्या, दोन मिनिटांत बाहेर. गुगलवर त्यांचं रेटिंग जास्त आहे. मला त्या रेटिंगची आता भीती वाटते.

कारण गोव्यात बसून हे वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे ड्रग म्हटलं की डोळ्यासमोर हणजूण, वागातोर, मोरजीचे किनारे, रेव्ह पार्टी, लेझर लाइट आणि पोलिसांची धाड. पेपरात फोटो तोच येतो. पण माल येतो जातो कसा ते बघा. मार्च २०२५ मध्ये आपल्या म्हापशाच्या शेजारी गिरीला ११ किलोंच्या वर हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला, गांजा पकडला, किंमत ११ कोटींच्या वर, गिरी म्हणजे इथून स्कूटरने किती लांब? पुढच्याच महिन्यात चिखलीला, दाबोळी एअरपोर्टच्या बाजूला, क्राइम ब्रांचने ४ किलोंहून जास्त कोकेन पकडलं, ४३ कोटींच्या घरातलं, आणि ते होतं कशात, तर कॉफी आणि चॉकलेटच्या पाकिटांत. डान्स फ्लोअरवर नाही, स्मगलरच्या बोटीत नाही, चकचकीत पाकिटांत, आपण गिफ्ट म्हणून देतो तसल्या.

आणि मोठ्या लेव्हललाही तेच. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात जवळपास ३,००० किलो हेरॉइन सापडलं, अफगाणिस्तानातून इराणच्या बंदर अब्बासमार्गे आलेलं, कागदावर काय लिहिलं होतं? टॅल्क, पावडर बनवायचे दगड. डीआरआयवाल्यांनी, म्हणजे तस्करी पकडणाऱ्या केंद्राच्या खात्याने, कंटेनर उघडून बघितला म्हणून कळलं, कागद वाचून कळलं नसतं. जून २०२३ मध्ये एनसीबीने, म्हणजे केंद्राच्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने, एलएसडी ह्या भास घडवणाऱ्या ड्रगचे सुमारे १५,००० ब्लॉट पकडले, ती सगळी उलाढाल डार्कनेटवर, म्हणजे इंटरनेटच्या लपलेल्या भागात, पैसे क्रिप्टोत, आणि माल कुरिअर नि टपालाने. ब्लॉट म्हणजे हे ड्रग लावलेला कागदाचा छोटा तुकडा, वास नाही, वजन नाही, वाढदिवसाच्या कार्डात घातला तर कोणाला पत्ता लागणार. त्यामुळे मला कोणी म्हटलं की कुरिअरवाला पार्सल उघडतो म्हणून तो फालतू तर मी म्हणेन पत्रादेवी, दोडामार्ग, मोले, पोळे ह्या गोव्याच्या हद्दीवरच्या चेकनाक्यांवर जे काम व्हायला पाहिजे ते हा माणूस पिवळ्या काट्यामागे बसून करतोय, पोलिसांचा पगार न घेता.

त्या दिवशी अजून एक झालं ते सांगितल्याशिवाय रिव्ह्यू पुरा होणार नाही. आमच्या मागे एक मुलगा उभा होता, चांगला शिकलेला वाटत होता, हेल्मेट हातात, भाड्याच्या काळ्या-पिवळ्या नंबरप्लेटची स्कूटर बाहेर. त्याच्याकडे तीन सीलबंद पाकिटं, बेंगळुरूला पाठवायची. मुलीने आयडी मागितला तर म्हणे मोबाइल बंद पडलाय, कार्ड हॉटेलवर राहिलं. मग आमच्याकडे वळून अगदी गोड आवाजात, "आंटी, तुमच्या आधारवर बुक केलं तर चालेल का, पैसे मीच देतो." आईचं मन मेणाचं, ती माझ्याकडे बघून म्हणते "करूया गो, परका मुलगा, अडलाय बिचारा." मी काही बोलायच्या आत मालक आतून ओरडला, "ना काकी, कोणाचं पार्सल आपल्या नावावर घ्यायचं नाही." मुलाला सांगितलं की पाकीट उघडून दाखव आणि आयडी घेऊन ये, मग पाठवतो. मुलगा बरं म्हणाला, गेला, आम्ही होतो तोपर्यंत तरी परत आला नाही. आत खरंच कॉफी असेल, मला माहीत नाही, पोराला उगाच चोर ठरवत नाही. पण आईचं आधार त्या पावतीवर गेलं नाही ह्याचा मला झालेला आनंद मी सांगू शकत नाही.

ज्यांना हे जास्त वाटतं त्यांनी कायदा एकदा समजून घ्यावा. एनडीपीएस बाकीच्या कायद्यांसारखा नाही. माल तुमच्या ताब्यात सापडला की तुम्हाला माहीत होतं असंच कोर्ट धरून चालतं, माहीत नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं. आणि मोठ्या प्रमाणातला माल असेल, ज्याला कमर्शियल क्वांटिटी म्हणतात, तर शिक्षा किमान १० वर्षं, २० पर्यंत, वर लाखाचा दंड, आणि जामीन मिळणं महाकठीण कारण तुम्ही दोषी नसाल असं कोर्टाला आधी वाटायला पाहिजे. आता "मोठं प्रमाण" ऐकून ट्रकभर समजू नका. गांजासाठी ते २० किलो आहे, चरससाठी १ किलो, कोकेनसाठी १०० ग्रॅम, आणि एमडीएमए ह्या पार्टीतल्या ड्रगसाठी फक्त १० ग्रॅम. १० ग्रॅम म्हणजे चहात घालायची दोन चमचे साखर. एलएसडीचं तर ०.१ ग्रॅम. कोणाचं तरी एक पाकीट चांगुलपणा म्हणून आपल्या नावावर घेतलं आणि त्यात दोन चमचे पावडर निघाली तर पुढची दहा वर्षं तुम्ही वकिलाला समजावत बसा की तो मुलगा अडला होता हो.

आणि हे काय सिनेमातलं नाही. मुंबईचं एक जोडपं २०१९ मध्ये कतारला गेलं, ट्रिप घरातल्याच नातेवाईक बाईने स्पॉन्सर केलेली, जाताना तिने एक पाकीट दिलं की तिथे अमक्याला द्या, जर्दा आहे. दोहा एअरपोर्टवर त्यातून चार किलो चरस निघालं. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली, बाळ तिथल्या जेलमध्ये जन्मलं, मग घरच्यांनी इथे एनसीबीकडे धाव घेतली, तपास झाला आणि २०२१ मध्ये निर्दोष सुटून आले. २०२३ मध्ये मुंबईच्याच एका अभिनेत्रीच्या हातात ट्रॉफी देऊन शारजाला पाठवलं, ट्रॉफीत ड्रग. तीही सुटली, पण जेल बघून. दोन्हीकडे घेऊन जाणाऱ्याला काही माहीत नव्हतं आणि दोन्हीकडे कोणी ते पाकीट वेळेत उघडून बघितलं नव्हतं.

हे सगळं बोलणं निघालं तेव्हा मालकाने आम्हाला कंट्रोल्ड डिलिव्हरी म्हणजे काय ते सांगितलं, मला हे आधी माहीत नव्हतं आणि फारच इंटरेस्टिंग वाटलं. २००१ च्या दुरुस्तीत ते कायद्यात आलं. म्हणजे संशयी पार्सल सापडलं तरी लगेच जप्त करत नाहीत, मुद्दाम पुढे जाऊ देतात, पाळत ठेवतात, आणि घ्यायला जो येतो त्याला पकडतात, कारण पाठवणाऱ्याचं नाव खोटंच असतं, खरा माणूस घेणारा. माल बदलून तसंच दिसणारं काहीतरी आत घालून पाठवायचीही तरतूद आहे. म्हणून तो म्हणे पत्ता आणि फोन नंबर दोन्हीकडचे नीट लागतात, मला तुमची उठाठेव नाही, उद्या कोणी विचारलं तर दाखवायला वही पाहिजे.

आता सरकार काय करतं ह्यावर माझं मत विचाराल तर अर्धं कौतुक अर्धा राग. एनसीबी १९८६ पासून आहे, आपल्या पोलिसांचा अँटी नार्कोटिक सेल वेगळा, क्राइम ब्रांच वेगळी, अमली पदार्थविरोधी दिवस म्हणून २६ जूनला शाळेच्या पोरांना ऊन-पावसात रॅलीत फिरवतात, त्याने एक ग्रॅम कमी झालाय का मला शंका आहे. आणि २०१० मध्ये आपल्याच अँटी नार्कोटिक सेलच्या पोलिसांना ड्रग डीलरशी साटंलोटं असल्याच्या आरोपावरून निलंबित आणि अटक झाली होती हे गोंयकार विसरलेला नाही, तेव्हा धाडीचे फोटो बघून लगेच टाळ्या वाजवायला हात येत नाहीत. पकडला जातो तो बहुतेक वेळा खोली भाड्याने घेऊन राहिलेला कोणी पोरगा, खिशात पाच ग्रॅमवाला. त्याच्या वरचा कोण, त्याच्या वरचा कोण, तिथपर्यंत बातमी जात नाही. गिरी आणि चिखलीसारखं मोठं काही सापडलं की थोडी आशा वाटते, पण त्या केसेस कोर्टात टिकल्या तर खरं.

एक गोष्ट मात्र चांगली झालीय, जुलै २०२४ मध्ये केंद्राने १९३३ नंबर सुरू केला, मानस हेल्पलाइन, २४ तास, फुकट, नाव न सांगता कळवता येतं. ह्या दुकानात तो नंबर काउंटरवरच चिकटवलाय, आणि त्याच्या खाली १९३०. दोन्ही नंबर इतके सारखे की लोक गोंधळतात म्हणून त्याने पेनने लिहून ठेवलंय, ३३ ड्रग, ३० ऑनलाइन फ्रॉड. व्यसन सोडवायला मदत पाहिजे तर १४४४६, तोही आहे. सरकारी पोस्टर एवढं कामाचं मी कुठे बघितलं नाही, आणि ते सरकारने लावलेलंच नाही.

१९३० तिथे का, तर त्यामागे पण गोष्ट आहे. आमच्या वाड्यावरचे एक काका, रिटायर्ड मास्तर, त्यांना एक दिवस फोन, मी अमुक कुरिअर कंपनीतून बोलतो, तुमच्या आधारवर मुंबईहून थायलंडला पार्सल बुक झालंय, त्यात एमडीएमए सापडलं, कॉल नार्कोटिक्सला जोडतो. मग व्हिडिओवर खाकी घातलेला माणूस, मागे कसला तरी लोगो, तुम्ही डिजिटल अरेस्ट आहात, खोलीतून हलायचं नाही, बँकेतले पैसे व्हेरिफिकेशनला ट्रान्सफर करा. काकांचं नशीब की घरात नेट गेलं आणि कॉल तुटला, तेवढ्यात ते धावत ह्याच दुकानात आले की बाबा माझ्या नावावर काय पाठवलंस. त्याने शांतपणे त्यांना बसवलं, पाणी दिलं, त्यांच्या सगळ्या जुन्या पावत्या काढून दाखवल्या आणि सांगितलं की कुठलीही कुरिअर कंपनी पोलिसांना कॉल जोडून देत नाही आणि व्हिडिओवर अटक नावाचा प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनी पण ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये हेच सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग कृती करा, पण मास्तरांनी तो एपिसोड ऐकला नसावा. चोरांची अक्कल बघा, देश ड्रगविरुद्ध एवढा कडक झालाय की त्या कडकपणाची भीतीच त्यांनी धंद्याला लावली.

आणि इथेच माझा कापलेला एक स्टार. हा माणूस इतकं सगळं समजतो, मास्तरांना समजावतो, आणि ह्याच्याच टेबलावर गिऱ्हाइकांच्या आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा उघडा पडलेला असतो, वर पेपरवेट म्हणून चहाचा कप. कोणीही वाकून फोटो काढू शकतो. अरे बाबा, त्या चोरांना लोकांची नावं, पत्ते, नंबर मिळतात कुठून? मी तोंडावर सांगितलं, तो हसला, म्हणाला ताई कपाट सांगितलंय सुताराला. सुतार चवथीआधी यायचा होता म्हणे. गोव्यातला सुतार, तेव्हा समजा पुढच्या चवथीपर्यंत. तोपर्यंत तुम्ही काय करायचं तर मास्क्ड आधार घेऊन जा, आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा की फक्त अमुक तारखेच्या दुबई पार्सलसाठी. मी तसं केलं, त्याने काही कुरकुर केली नाही.

अजून थोड्या बारीक कुरबुरी. बसायला एकच स्टूल. व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन मधेच गरम होतं आणि मग दहा मिनिटं विश्रांती. काउंटरवरची मुलगी इन्व्हॉइसवर इंग्रजीत लिहिताना सोलांचं स्पेलिंग विचारते आणि मग दुकानातले सगळेच त्यावर मत देतात. फेणी पाठवता येते का हा प्रश्न दर दुसरा टुरिस्ट विचारतो, उत्तर नाही आहे, यादीत लिहिलंय, तरी विचारतात, आणि त्यात रांग खोळंबते. यूपीआय चालतं. ट्रॅकिंगचा मेसेज वेळेवर येतो.

आईने दुसऱ्या दिवशी खसखशीशिवाय नव्या नेवऱ्या तळल्या, तोंड वाकडं करत, आणि भावाला पार्सल पाचव्या दिवशी मिळालं, एकही मोडली नव्हती, मिस्कुटही गळलं नाही. सुकी सुंगटां मात्र यादीप्रमाणे इथेच ठेवायला लागली. खसखशीच्या नेवऱ्या आम्ही संपवल्या.

जाणार असाल तर शुक्रवारी जाऊ नका, बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि दुकानात उभं राहायलाही नाही. सकाळी दहाच्या आसपास बरं, दुपारी एक ते साडेतीन बंद असतं, सगळ्या गोव्यासारखं. खोकं घरून टेप मारून नेऊ नका, उघडणारच आहेत. सारणात काय घातलंय ते घरच्यांना आधी विचारून जा, आणि गोळ्या असतील तर स्ट्रिपच्या मागचं वाचून जा. चवथ आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा टाळता आला तर टाळा, तेव्हा दुबई, मस्कत, कुवेत सगळीकडचे डबे एकदम येतात आणि तो प्रत्येक डबा उघडतो.